महायुद्धांच्या काळातली सिगारेटची पाकिटे आणि तंबाखूचे डबे : कोल्हापूर परिसरातल्या संग्राहकांसाठी धागा

कोटीतीर्थ (धागाकर्ता)

मंडळींना नमस्कार. मी स्वतः आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही, तरीही गेली अकरा वर्षे दोन्ही महायुद्धांच्या काळातली सिगारेटची पाकिटे, गोल डबे, पाकिटांतून मिळणारी चित्रे आणि सैनिकांच्या तंबाखूशी संबंधित किरकोळ वस्तू जमवत आलो आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोळपासून चंदगडपर्यंत पलटणीत माणूस नसलेले गाव शोधावेच लागेल, आणि सैनिक टाकळीने तर ही ओळख नावातच धरून ठेवली आहे. त्यामुळे वस्तू अजून घरोघरी आहेत. फक्त त्या संग्राहकाच्या कपाटात नसून माळ्यावर, देव्हाऱ्याखालच्या खणात आणि शिवणाच्या सामानात आहेत.

आज माझ्याकडे चौसष्ट नग आहेत. त्यांत एक्केचाळीस पत्र्याचे किंवा पितळेचे डबे, चौदा कागदी पाकिटे आणि नऊ चित्रे आहेत. परवा वही घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि तीच या धाग्याचे निमित्त आहे. एक्केचाळीस डब्यांपैकी तेहतीस डबे याच भागातल्या घरांतून किंवा लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातून मिळाले. चौदा कागदी पाकिटांपैकी मात्र दोनच इथली आहेत, बाकीची बारा मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली आहेत. म्हणजे आपल्याकडच्या सैनिकांनी काय ओढले याची नोंद मी ठेवतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात त्यांच्या घरच्या बायकांना काय उपयोगी पडले, याची नोंद माझ्याकडे जमली आहे. डब्यात मोहरी, बटणे, सुया, कापूर राहतो. कागदी पाकीट दुसऱ्या दिवशी चुलीत जाते.

पन्नास सिगारेटींचा गोल डबा ज्यांनी हाताळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या झाकणात एक छोटे टोकदार पाते बसवलेले असते. ते खाली वळवायचे, झाकण दाबायचे आणि गोल फिरवायचे, म्हणजे आतला हवाबंद पातळ पत्रा कडेकडेने कापला जातो. दमट हवेच्या मुलखात सिगारेटी सर्दावू नयेत म्हणून ही रचना होती. माझ्याकडच्या बहुतेक डब्यांतले ते पाते कोणीतरी पक्कडीने उपटून टाकले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: घरात लहान मुले होती. संग्राहक अशा डब्याला सदोष म्हणतात आणि निम्मा भाव करतात. मला तो दोष वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेल्या महिन्यात करवीर तालुक्यातल्या एका घरातून एक चपटी पितळी डबी मिळाली. लांबी सुमारे ५ इंच, रुंदी सव्वातीन, उंची सव्वा इंच. झाकणावर मधोमध एका तरुण स्त्रीचा उठावदार मुखवटा, दोन्ही बाजूंना इंग्रजी एम अक्षर आणि खाली १९१४ च्या नाताळचा उल्लेख आहे. मला द्यायची म्हणून त्या घरातल्या काकींनी आदल्या दिवशी ती चिंच-मीठ लावून इतकी घासली, की शंभर वर्षांचा तपकिरी थर जाऊन डबी लग्नातल्या समईसारखी चमकत होती. त्यांनी ते मानाने केले होते, त्यामुळे माझ्याकडून हूं की चूं झाले नाही. आत तंबाखूचा कण नव्हता. मोडीत लिहिलेली घडीची एक चिठ्ठी मात्र होती. घरच्यांचे म्हणणे असे की, पणजोबांना ही डबी बसऱ्याला मिळाली. ही अस्सल असेल का, बसऱ्याची हकिकत जुळते का, आणि पावसाळ्यात कागदी पाकिटे कशी सांभाळावीत, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना सॅपर

कोटीतीर्थ यांस, ही राजकन्या मेरीच्या निधीतली डबी आहे. राजा पाचवा जॉर्ज याची कन्या मेरी त्या वेळी सतरा वर्षांची होती. तिच्या नावाने ऑक्टोबर १९१४ मध्ये निधी उभारला गेला आणि नाताळला सैनिक व खलाशांना ही भेट पाठवायचे ठरले. डबीचे रेखाटन ॲडशेड आणि रॅम्से या वास्तुरचनाकारांचे आहे. आपण झाकणाच्या कडा भिंगातून पाहाव्यात. तिथे मित्रराष्ट्रांची नावे कोरलेली असतात: फ्रान्स, रशिया, बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो आणि सर्बिया. यांतल्या सर्बियाचे स्पेलिंग तेव्हाच्या पद्धतीने बी ऐवजी व्ही घालून केलेले असते.

आपल्या दृष्टीने यातली खरी लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे आतला माल. ब्रिटिश सैनिकाच्या डबीबरोबर एक औंस तंबाखू, वीस सिगारेटी, पाईप आणि चकमकीचा लायटर असे सामान होते; न ओढणाऱ्याला लिहिण्याचे साहित्य आणि आंबट गोळ्या मिळत. हिंदी सैनिकांसाठी मात्र वेगळी वाटणी करण्यात आली. गुरख्यांना ब्रिटिशांसारखेच सामान मिळाले. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी देण्यात आली. बाकीच्या हिंदी सैनिकांना, म्हणजे त्यांत आपले मराठेही आले, सिगारेटचे एक पाकीट, खडीसाखर आणि मसाल्याची डबी असा हिस्सा होता. पाणी वाहणाऱ्या भिश्तीला फक्त मसाल्याची डबी मिळाली. फौजेत प्रत्येक गोष्टीला यादी असते आणि यादीत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यात फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही.

आता बसऱ्याविषयी. नाताळ १९१४ ला फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी फौजेत मराठा पलटणी नव्हत्या. मराठी माणसे तिथे होती ती प्रामुख्याने खडकीच्या आमच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या तुकड्यांत. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल या गावात शिरलेल्या तुकड्यांत खडकीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा ज्यात येतो त्या आजच्या इराकमध्ये होत्या. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी पुढे कुतच्या १४७ दिवसांच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. म्हणजे आपल्या डबीवर १९१४ लिहिले आहे म्हणून ती त्याच नाताळला हातात पडली असे धरू नये. त्या नाताळपर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास डब्या पोहोचल्या होत्या. पुढे राजाच्या गणवेशातल्या प्रत्येकाला ती देण्याचे ठरल्यामुळे आकडा सव्वीस लाखांवर गेला आणि वाटप युद्धानंतरही चालू राहिले. पितळ कमी पडले, त्यातच अमेरिकेहून येणारा ४५ टन पितळी पत्रा मे १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर समुद्रात गेला, आणि नंतरच्या काही डब्या हलक्या मिश्रधातूवर मुलामा देऊन काढाव्या लागल्या. काकींच्या चिंचेने आपली डबी लख्ख पिवळी झाली आणि आतला वेगळा धातू कुठेही उघडा पडला नाही, यावरून ती आधीच्या, चांगल्या पितळेच्या डब्यांपैकी असावी. झाले ते वाईट झाले, पण एक परीक्षा आपोआप पार पडली असे समजावे.

घरात पेन्शनचे कागद असतील तर पलटणीचा क्रमांक तपासा. क्रमांकाशिवाय बसरा ही केवळ आठवण आहे, आणि तीन पिढ्यांनंतर आठवणीतली गावे बदलतात.

साधा वाचक

विषय रंजक आहे, पण क्षमा करून विचारतो. ज्या वस्तूने लाखो माणसांचे फुप्फुस खाल्ले, तिचे असे कौतुकाने प्रदर्शन मांडणे योग्य आहे का? माझे वडील माजी सैनिक होते आणि त्यांना सिगारेट फौजेने लावली.

कोटीतीर्थ (धागाकर्ता)

आपला प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. आपल्या वडिलांविषयी आपण जे लिहिले, तेच या वस्तू दाखवतात असे मला वाटते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या शिध्यात आठवड्याला दोन औंस तंबाखू होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या के नावाच्या खोक्यातल्या प्रत्येक जेवणाबरोबर चार सिगारेटींचे छोटे पाकीट येई. बिस्किटाइतक्या सहजतेने ती वस्तू हातात ठेवली जात होती. माझ्याकडे असे एक रिकामे चारचे पाकीट आहे; ते बोटाएवढे आहे, आणि वीसच्या पाकिटापेक्षा मला त्याचीच अधिक धास्ती वाटते.

शिरोळकर

कागदी पाकिटांविषयी मी लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात साडेपाच फूट पाणी चढले. माझा संग्रह पोटमाळ्यावर न ठेवता मी लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला होता, कारण २००५ मध्ये पाणी तिथवर आले नव्हते. पाणी उतरल्यावर कपाट उघडले तेव्हा प्लॅस्टिकच्या अल्बममधली एकतीस पाकिटे एकमेकांना आणि प्लॅस्टिकला चिकटून एकच लगदा झालेली होती. घाईने मी सात पाकिटांवर फडके टाकून इस्त्री फिरवली. त्यांतल्या एका नेव्ही कटच्या पाकिटावरचा दाढीवाला खलाशी फडक्यावर उमटला आणि पाकिटावर फक्त त्याच्या गळ्याभोवतीचे तरंगते कडे उरले. ते फडके मी अजून ठेवले आहे.

नंतर कागदपत्रे दुरुस्त करणाऱ्या एका जाणकारांनी सांगितले ते असे. ओले कागद ताबडतोब वाळवता येत नसतील तर ते एकेक वेगळे करण्याच्या भानगडीत न पडता पिशवीत घालून गोठवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. मग थोडे थोडे बाहेर काढून टिपकागदांमध्ये, पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत वाळवावेत. ऊन आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. अल्बम घेताना पीव्हीसीचे मऊ, वासाचे कप्पे टाळावेत. पॉलिएस्टरचे कडक, वास नसलेले कप्पे चांगले. पाकिटावर मुळातला सेलोफेन असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवावे, कारण सेलोफेन वर्षानुवर्षे आक्रसत जातो आणि आतल्या पाकिटाचे कोपरे मुडपतो.

आणखी एक शत्रू घरातलाच आहे. भरलेल्या जुन्या पाकिटात तंबाखूचा किडा होतो. तपकिरी, साधारण तिळाएवढा असतो. तो तंबाखूवर समाधान मानत नाही. कागद आणि पुठ्ठाही पोखरतो. पाकिटाखाली बारीक भुकटी आणि टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसली, तर ते पाकीट हवाबंद पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर पाणी सुटते. आमच्या घरी आंबापोळी आणि सिझर्स छापाच्या सिगारेटचे पाकीट फ्रीजरमध्ये शेजारी शेजारी होते, त्याबद्दल मला आईचे बरेच ऐकून घ्यावे लागले.

टाकाळा

काळ ठरवण्याच्या काही खुणा देतो, कारण बाजारात युद्धाच्या काळातले म्हणून विकले जाणारे बरेच काही साठ-सत्तरच्या दशकातले असते.

भारतीय पाकिटावर आरोग्याचा वैधानिक इशारा असेल तर ते १९७५ च्या कायद्यानंतरचे आहे. पुढे वाचायची गरजच नाही. किंमत नव्या पैशांत असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचे. कंपनीचे नाव पाहावे: १९१० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या इंपीरियल टोबॅकोचे नाव १९७० मध्ये इंडिया टोबॅको कंपनी झाले आणि १९७४ मध्ये आयटीसी. लष्करी कॅन्टीनचा शिक्का असेल तर त्यावरचे नाव नीट वाचावे. सीएसडी, म्हणजे कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, हा विभाग १९४८ मधला आहे, त्यामुळे त्या नावाचा डबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा असू शकत नाही, विक्रेता कितीही शपथा घेवो.

अमेरिकन पाकिटांचे काम सोपे आहे. डोक्यावरच्या निळ्या करपट्टीवर मालिकेचा क्रमांक असतो, त्यात १८३० मिळवले की वर्ष निघते. ११२ म्हणजे १९४२, ११४ म्हणजे १९४४. लकी स्ट्राइकचे हिरवे पाकीट १९४२ मध्ये पांढरे झाले. हिरव्या शाईतला धातू युद्धाला दिला अशी जाहिरात तेव्हा जोरात झाली, प्रत्यक्षात रेमंड लोवी यांनी केलेले पांढरे रूप आधीच तयार होते आणि कंपनीला ते स्त्रियांना विकायचे होते. देशभक्तीच्या नावावर रंग बदलण्याची कला तेव्हापासूनची आहे, एवढेच म्हणतो.

नकली ओळखण्यासाठी भिंग आणि नोटा तपासायचा निळा दिवा, एवढे पुरते. महायुद्धाच्या काळातला कागद त्या दिव्याखाली मळकट दिसतो. पांढरा-निळा लखलखला तर कागदात नंतरच्या काळातली चमक आणणारी रसायने आहेत. चित्रपटांसाठी आणि हौशी लोकांसाठी केलेल्या प्रतिकृती यातच सापडतात. चित्रे जमवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, कागदटंचाईमुळे ब्रिटिश कंपन्यांनी पाकिटांतली चित्रे १९४० मध्ये बंद केली. सिझर्समधली फौजी चित्रे त्याच्या कितीतरी आधीची, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेची आहेत.

शेवटी कायद्याचे. १९१४ ची डबी शंभर वर्षांवरची झाली आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या दृष्टीने शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी लिलावांतले भाव पाहून कोणी ती टपालाने धाडण्याच्या भानगडीत पडू नये.

निपाणी वेस

आपण सगळे पाकिटे आणि डबे यांविषयी लिहीत आहात, म्हणून मी धागाकर्त्यांच्या पहिल्या मुद्द्याला धरून एक तक्रार नोंदवतो. आपला सैनिक घरून निघाला तेव्हा त्याच्या खिशात सिगारेट नव्हतीच. त्याच्या कमरेला चंची होती. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीबरोबर इटलीत होते. यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये आणि नामदेव जाधव १९४५ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, ती हीच मोहीम. आजोबांची चंची आमच्याकडे आहे. मांजरपाटाची, चार कप्प्यांची, तोंडाला गुंडाळायची लांब दोरी असलेली. तीन कप्पे सुपारी, कात आणि तंबाखूने तपकिरी झाले आहेत. चौथ्यात पितळेची चुनाळ असे, आणि चुन्याने तिथले कापड इतके कुजले आहे की बोट आरपार जाते. त्या कप्प्याला आतून खाकी कापडाचे ठिगळ लावलेले आहे. ते फौजेच्या सदऱ्याचे आहे आणि टाके पुरुषाच्या हाताचे आहेत, आजी म्हणायची, कारण ते फार मोठे आणि फार घट्ट आहेत.

या चंचीला बाजारात शून्य भाव आहे. एका संग्राहकाने ती पाहून आमच्याकडे एखादा डबा आहे का, असे विचारले. आमच्या भागात पिकलेल्या तंबाखूवर देशभर विड्या वळल्या गेल्या, पण विडीच्या बंडलावरचा कागद कोणी जपला नाही, कारण बंडल फोडतानाच तो फाटतो. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश फौजेला फुकट मिळणाऱ्या भारतीय बनावटीच्या व्ही सिगारेटी इतक्या बदनाम होत्या की, गोरे शिपाई त्यांच्या नावाने बोटे मोडत. आजोबा मात्र त्या सिगारेटी फोडून आतली तंबाखू तळहातावर चुन्यात मळत असत, असे ते स्वतः सांगत. पाकीट त्यांनी कुठे टाकले हे कोण सांगणार?

जुना सॅपर

निपाणी वेस, आपली चंची धुऊ नका. कोणीही कितीही आग्रह केला तरी धुऊ नका. सुती, खळ काढून टाकलेल्या पांढऱ्या कापडात सैल गुंडाळून सपाट ठेवा, घडी घालू नका.

कोटीतीर्थ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की, त्या घरच्या काकींकडे पुन्हा गेलो आणि पेन्शनचे कागद पाहिले. पलटण ११७ आहे, त्यामुळे बसरा जुळतो. मात्र पणजोबा १९१४ च्या नाताळला तिथे होते की मागाहून गेले, हे त्या कागदांवरून ठरत नाही, म्हणून वहीत मी मेसोपोटेमिया एवढेच लिहिले आहे आणि सालाची जागा कोरी सोडली आहे. जाता जाता काकींनी विचारले की डबीबरोबरची मसाल्याची डबी हवी आहे का. ती असेल असे माझ्या स्वप्नातही नव्हते. स्वयंपाकघरात गेलो तर ती साधी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चहाच्या पत्तीची डबी निघाली. पण तिच्यात मसाला होता, त्यामुळे काकींचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांना ती दाखवली. युद्धाचा, पलटणीचा किंवा राजकन्येचा तीत उल्लेख नाही. शके १८४६ ची, म्हणजे युद्ध संपून सहा वर्षे झाल्यावरची ती पावती आहे: एक तांबडा बैल, वय चार वर्षे, डाव्या शिंगाला खोच, किंमत रोख पंचाहत्तर रुपये, पैकी साठ पोहोचले, पंधरा सुगीला देणे. खाली दोन अंगठे आहेत. पंधरा रुपये फिटल्याची नोंद मागच्या बाजूला वेगळ्या शाईत आहे.

निपाणी वेस यांना विनंती आहे की, चंचीची दोन्ही बाजूंची आणि त्या ठिगळाची छायाचित्रे त्यांनी इथे टाकावीत. माझ्या वहीत पासष्टावी ओळ रिकामी आहे. वस्तू त्यांच्याकडेच राहील, नोंद मी करतो. रकान्यांच्या डोक्यावर आजवर कंपनी, छाप आणि किंमत असे लिहीत होतो. त्यांच्या शेजारी नंतर आत काय ठेवले, असा एक नवा रकाना आखला आहे, आणि जुन्या चौसष्ट नगांसाठी तो भरायला पुन्हा त्या त्या घरी जावे लागणार आहे.